उभं सरपण

मी नकाशे काढायचो. धाराशिवच्या कचेरीत, उत्तरेच्या खिडकीखाली, कलत्या टेबलावर. कागदावर मी इतके प्रशस्त बंगले उठवलेत की त्यातल्या एकाच्या न्हाणीघरात बैलगाडी वळवता आली असती आणि वर बैलांची पाठ चोळायला जागा उरली असती. एका साहेबाचा दिवाणखाना काढताना तर माझी पेन्सिल या भिंतीकडून त्या भिंतीकडं जाताना मध्येच दमली. तिला टोक करून, थोडा दम खाऊ देऊन पुढं न्यावी लागली. आणि संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या कुठं, हा प्रश्न.

निजामाचा अंमल गेला, मग काही वर्षांनी आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि गावात कचेऱ्यांचं पीक आलं. कचेरी आली की कारकून येतो, कारकुनामागं त्याचे आईबाप, भावंडं, लोणच्याच्या बरण्या, देवांचा डबा. एवढ्यांना भाड्यानं देईल असं घर गावात कुठलं. म्हणून गावाबाहेर माळावर सरकारी क्वार्टरं बांधायची ठरली आणि त्यांचा नकाशा माझ्या टेबलावर आला.

बाहेरची खोली, आतली खोली, मागं पडवी. त्या पडवीच्या कडेला मी एक लहानसा खण काढला. माणूस आडवा होईल एवढाच.

आमचे साहेब पुण्याकडचे, सज्जन, एकटेच राहायचे. त्यांनी त्या खणावर बोट ठेवलं. "ही खोली कशाची?"

कशाची ते कचेरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्यासारख्या घरांतून बाई महिन्यातले तीन दिवस बाजूला बसायची. कुणाला शिवायचं नाही, कुणी तिला शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं. गावाकडं प्रत्येक घरात मागच्या दाराशी त्यासाठी एक कोपरा असतोच. क्वार्टरात तो नको का? पण साहेबापुढं हे बोलायचं कुणी? कचेरीत आम्ही सगळे बायकांचे नवरे आणि बहिणींचे भाऊ, पण त्या क्षणी सगळ्यांना फायलीत अशी कामं निघाली म्हणता. हेडक्लार्क खिडकीबाहेरच्या कावळ्याची तपासणी करू लागले.

"सरपण, साहेब," मी म्हणालो. "लाकूडफाटा ठेवायला."

"सरपण पडवीत राहील," साहेब म्हणाले, आणि लाल पेन्सिलीनं खण खोडला.

वर्षभरानं त्याच नकाशातलं एक क्वार्टर मला मिळालं. स्वतः काढलेल्या चित्रात कुटुंबासकट कैद झालेला मी पहिलाच माणूस असेन.

माणसं आम्ही सहा. वडील, म्हणजे उर्दू मदरशात शिकून पुढं मराठी शाळेत मास्तरकी केलेले आणि आता निवृत्त झालेले, आई, शिकणारे दोन धाकटे भाऊ, मी आणि माझी बायको. क्वार्टर एवढं दाट भरलेलं असायचं की एकाला शिंक आली तर तिघांना रुमाल काढावा लागायचा. सकाळी मी सदऱ्याच्या बाहीत हात घालायचो आणि दुसऱ्या बाहीतून धाकट्या भावाचा हात निघायचा. हे मी कचेरीत सांगितलं तेव्हा लोक हसले. पण हेडक्लार्क हसले नाहीत, त्यांच्याकडं आठ माणसं होती.

वडिलांनी यावर एक तोड काढली होती. कुठंही पाऊल टाकायच्या आधी ते खोकायचे. आतल्या खोलीत जायचं, खोकला. पडवीत जायचं, खोकला. सुनेनं पदर सावरावा, तेवढा वेळ थांबायचं आणि मग जायचं. शेजारच्या एका भल्या माणसानं काळजीनं काढ्याची बाटली आणून दिली. वडिलांनी ती आदबीनं घेतली आणि म्हणाले, "शुक्रिया. पण हा खोकला न्हाय हो. हे दार आहे."

माझी बायको हळू हसायची, पदराचं टोक दातात धरून. या घराचा नकाशा मी काढलाय असं मी पहिल्याच आठवड्यात ऐटीत सांगितलं, तेव्हा तिनं चुलीच्या धुरातून माझ्याकडं पाहिलं. "तरीच," म्हणाली. "कागदावर चूल पेटत नसती. धूर कुठून जाणार ते काढायचं राहिलं तुमचं."

आम्हाला दोघांना बोलायचं झालं तर आम्ही तुळजापूरला जायचो. मोटारीत शेजारी शेजारी बसायचं आणि घाट संपेपर्यंत मनातलं सगळं बोलून घ्यायचं. मोटारीचा आवाज एवढा, की दोघांनी भांडण जरी केलं तरी पुढच्या बाकावर ते स्तोत्र वाटावं. महिन्यात दोनदोनदा देवीला जाणारं जोडपं म्हणून क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत आमची वाहवा झाली. देवी काय म्हणाली असेल ते तिलाच ठाऊक.

बायकोला ते तीन दिवस मुळीच आवडायचे नाहीत. उघड्या पडवीत, पोत्यावर, समोर शेजाऱ्यांची पडवी. तिथं सकाळी पुरुष माणसं मिसरी लावत उभी. आईलाही ते बघवेना. एक दिवस आई मला म्हणाली, "एवढे बंगले बांधतोस लोकांचे. तिला एक आडोसा करता येईना तुला?"

मग जिल्ह्यातल्याच वाशीकडच्या आमच्या गावाहून गाडीभर तुराट्या आणल्या. तूर झोडून झाली की जी वाळकी, सरळ काटकी उरते ती तुराटी. शेतकऱ्याच्या घरी तिचं सरपण होतं, नाहीतर उभी करून, बांधून, वरून शेणमाती लिंपून तिचीच भिंत होते. त्या भिंतीला कूड म्हणतात. पडवीच्या कडेला, साहेबानं खोडला होता नेमका तिथं, मी कूड उभा केला. लिंपण आईनं आणि बायकोनं केलं. वर हातभर जागा उजेडाला सोडली.

क्वार्टरात काही बदल करायचा नाही असा नियम होता. ओव्हरसियर पाहणीला आला आणि कुडापुढं उभा राहिला. "ही भिंत कुणी घातली?"

"भिंत न्हाय," मी म्हणालो. "सरपण आहे."

"उभं?"

"आडवं ठेवलं तर वाट अडते."

"आणि माती कशाला लिंपली?"

"वाळवी लागते साहेब. महागाचं सरपण आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आत बघून परत आला, आणि हसू दाबत पुढच्या क्वार्टरात गेला. ही गोष्ट मी पुढं वर्षभर सांगत फिरलो. दर वेळी ओव्हरसियर एका पायरीनं वर चढत गेला. नळदुर्गला एका लग्नाच्या पंगतीत सांगेपर्यंत तो खुद्द कलेक्टर झाला होता.

आम्हाला मुलगी झाली.

तिच्याबद्दल मला वाढवून सांगता येत नाही. मी खूपदा सांगून पाहिलं. काळी होती, केस दाट होते, आणि पडवीत रांगत रांगत कुडापाशी जायची. त्या कुडाला धरूनच ती उभी राहायला शिकली. दोन्ही तळवे मातीवर टेकून, डुलत, मागं वळून कोण बघतंय का ते बघायची. तिच्या हातांनी त्या उंचीवरचं लिंपण घासून गुळगुळीत झालं, मधून मधून तुराटी दिसायला लागली. आई ओरडायची, "लिंपून लिंपून माझे हात गेले आणि ही बया खरवडतीय." आणि तिला उचलून तिची मातीची बोटं धुवायची.

चैत्रात तिला गोवर निघाला. ताप उतरला नाही. दवाखान्यात नेलं, परत आणलं.

माणसं आली. क्वार्टर छोटं, पण आली. बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका. सगळी चांगली माणसं होती, हे मी मुद्दाम लिहितो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की चार हात पुढं व्हायचे. कुणी पदरानं डोळे पुसायचं, कुणी पाण्याचा पेला धरायचं, कुणी म्हणायचं, "नको बाई, त्रास करून घेऊ नको." आणि ते पाणी तिथंच थांबायचं. दिवस झाले, पाहुणे गेले, तरी तेच. आत स्वयंपाकाला आई, बाहेर मामंजी, दाराशी अभ्यास करणारे दीर. तिनं मान खाली घातली की सगळं घर श्वास धरायचं. ती ते ओळखायची आणि मान वर करायची. भाकरी थापायची. लाइनीतल्या बायका म्हणू लागल्या, सून दगडाची दिसते.

माझ्याकडं येणाऱ्यांना मी गोष्टी सांगायचो. मला दुसरं काही येत नव्हतं. न्हाणीघरातली बैलगाडी, मोटारीतली स्तोत्रं. भेटायला आलेला माणूस माझ्या घरून हसत जायचा.

मग तिचे ते दिवस आले. ती कुडामागं जाऊन बसली.

दुपारी मी कचेरीतून जेवायला आलो. पडवीत हात धूत होतो, तेव्हा कुडापलीकडून आवाज आला. आधी मला वाटलं मांजर असेल. मग कळलं. ती रडत होती. मोठ्यानं नाही, पण न थांबता, दळण दळावं तशी. आणि कुणी आत जाऊ शकत नव्हतं. कुणाला तिला शिवायची मुभा नव्हती. डोळे पुसणारा हात नाही, पाण्याचा पेला नाही. जे दिवस तिला नको वाटायचे, त्या दिवसांनीच तिला एवढी जागा दिली.

मी अलीकडून कुडाला हात लावून उभा राहिलो. आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिनं मला खुणेनंच चल म्हटलं आणि ताट वाढलं.

पुढच्या महिन्यात ती आत गेली ती चौथ्या दिवशी बाहेर आली नाही. म्हणाली, अजून बरं न्हाय. मग महिना भरायच्या आधीच पुन्हा बसली. मला हिशेब कळला. आईला तर कळणारच. आई म्हणजे सोवळ्यापुढं कुणाचं काही न चालू देणारी बाई. आमचा देवसुद्धा तिच्या धाकानं ओला राहायचा. मी घाबरत घाबरत तिला विचारलं, "आई, हिचं काही चुकतंय का?"

"काय चुकतंय?"

"दिवस."

आई तांदूळ निवडत होती. "मला मोजता येत न्हाय," म्हणाली. "मास्तराची बायको असून शिकायचं राहिलं."

गुडघे दुखत असताना ती दोघींचं पाणी भरायची. शेजारची बाई एकदा पडवीतून म्हणाली, "सुनेला बरं फावलंय की हो, सारखी बसूनच."

"तुम्हाला पण बसायचं का?" आई म्हणाली. "जागा आहे. या."

शेजारीण आपल्या घरात गेली. आई कूड लिंपायची, दर आठवड्याला. फक्त एक पट्टा सोडून द्यायची. जमिनीपासून दीड-दोन हातावरचा, गुळगुळीत झालेला. तिथं ती नवी माती लावत नव्हती. त्याबद्दल दोघी एकमेकींशी कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

असं पावसाळाभर चाललं. दिवाळीनंतर वरून कुणी मोठे पाहुणे क्वार्टरं बघायला येणार असं ठरलं आणि आमचे साहेब स्वतः नकाशा घेऊन लाइनीतून फिरू लागले. नकाशात नाही ते काढून टाकायचं. कुणाचं कोंबड्यांचं खुराडं गेलं, कुणाचा मांडव. आमच्या पडवीत साहेब आले तेव्हा मी त्यांच्यामागं होतो.

"हे काय?"

"सरपण," मी म्हणालो. जिभेवर तयारच होतं.

"ते मी ऐकलंय," साहेब म्हणाले. माझी गोष्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली होती. "ठीक आहे. सरपण आहे ना? मग पाहुणे यायच्या आत जाळून टाका."

मी नेहमीसारखं हसून पाहिलं. साहेब हसले नाहीत. तेवढ्यात कुडामागून तो रडण्याचा आवाज आला. साहेब दचकले. "कोण आहे आत?"

आई कुडापुढं येऊन उभी राहिली. "सून आहे," ती म्हणाली. "बाजूला बसलीय."

आमच्या कचेरीतल्या सगळ्या नवऱ्यांच्या घशात अडकलेला शब्द आई असा बोलून गेली, जसं मीठ मागावं. साहेब कानापर्यंत लाल झाले. त्यांनी हातातल्या नकाशाकडं पाहिलं, तिथल्या जुन्या लाल रेघेकडं, मग माझ्याकडं.

"माझ्या हातात नाही हो," शेवटी म्हणाले. "सगळ्या लाइनीचं काढलंय. तुमचं एकट्याचं कसं ठेवू?"

ते खरंच होतं. खुराडी गेलेले लोक आपापल्या पडव्यांतून बघत होते.

कूड आम्ही भावांनी काढला. बायको तोवर न्हाऊन घरात आली होती, आतल्या खोलीत भाजी चिरत बसली होती, आमच्याकडं पाठ करून. माती सोललेल्या सालीसारखी पडली. त्या गुळगुळीत पट्ट्याची ढेकळं आईनं वेगळी गोळा केली आणि तेलाच्या डब्यात लावलेल्या तुळशीला घातली. तुराट्या बंबात गेल्या. तुराटी लई लवकर पेटते आणि लई लवकर संपते. अंघोळीच्या पाण्यालासुद्धा धड पुरल्या नाहीत.

त्यानंतर ती उघड्या पडवीत बसायची, तीन दिवस, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत. कधी एक दिवस जास्त नाही. रडणंही थांबलं. मी तिला मोटारीनं तुळजापूरला नेलं. मोटार घाटाला लागल्यावर म्हणालो, "इथं ओळखीचं कुणी न्हाय. आवाज पण आहे. रडून घे."

ती खिडकीबाहेर बघत होती. "ठरवून येत न्हाय हो ते," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुम्ही एखादी गोष्ट सांगा. ती बैलगाडीची."

मी सांगितली. ती पदर दातात धरून हसली. त्या दिवशी मला ती गोष्ट पहिल्यांदा आवडली नाही.

महाराष्ट्र झाला, पुन्हा कचेऱ्या वाढल्या, नवी क्वार्टरं निघाली. साहेबांनी मला बोलावून समोर कोरा कागद ठेवला. "खोल्या जरा मोठ्या घ्या," म्हणाले. "आणि पडवीत तो खण काढा. मागं काढला होता तो. पक्क्या भिंतीचा."

मी काढला. "दार?"

"दार हवंच. आतून कडी दाखवा."

"आणि नाव काय लिहू, साहेब?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, उचलली, चष्मा पुसला. "सरपण लिहा," म्हणाले.

सरपणाच्या खोलीला आतून कडी कशाला, हे वरच्या एकाही कचेरीनं विचारलं नाही. मंजूर झालं. आम्हाला त्यातलं एक मिळालंही. पण आई ते बघायला राहिली नाही, आदल्या थंडीत गेली. आणि आई गेल्यावर घरात दुसरी बाई नव्हती. बाजूला बसायचं तर चूल कुणी पेटवायची? ती चाल आमच्या घरातून अशी, काही न बोलता, निघून गेली. ती खोली बघायला बायकोला मी हाताला धरून नेलं. तिनं कडी लावून पाहिली, काढून पाहिली. "चांगली झालीय," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिथं सरपण भरलं. नकाशात लिहिलं होतं तेच शेवटी खरं झालं.

एका रविवारी सकाळी बंबाला काटक्या आणायला मी त्या खोलीत गेलो. मी आधी कधी आत गेलोच नव्हतो. लाकडं एका बाजूला आडवी रचलेली होती. पण तुराट्या तिनं भिंतीशी उभ्या लावल्या होत्या, एकीला एक लागून, दोरीनं बांधून. आणि त्यांच्यासमोर दीड हात जागा मोकळी ठेवली होती.

मी दार लोटलं. कडी घातली. खाली बसलो. तुराट्यांना, त्या उंचीवर, हात लावला. मुलीसाठी मी त्या दिवसापर्यंत रडलो नव्हतो. पुरुषाला बाजूला बसायचे दिवस कुणी नेमून दिलेले नसतात.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बाहेर वडिलांचा खोकला आला, पडवीच्या उंबऱ्यावर येऊन थांबला. "हा कुठं गेला?" ते म्हणाले. "पाणी तापायचंय."

बायको दाराच्या अगदी जवळ होती. तिच्या बांगड्या वाजल्या. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"सरपण काढतायत, मामंजी," ती म्हणाली. "वेळ लागंल त्यांना."

वडील एकदा खोकले आणि मागं फिरले.